जुन्या धुराड्याला नवे अस्तर

कोल्हापूरच्या शाहूपुरीत तीन पिढ्यांपासून गुळाची अडत चालवणाऱ्या एका घराण्यातील धाकटा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडमधील लेस्टर येथे स्थायिक झाला. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील एका जुन्या चर्चच्या वास्तूत १९८८ मध्ये प्रतिष्ठा झालेले जैन मंदिर या शहरात आहे, हे पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. मुलाने मंदिरापासून फार दूर नसलेले, लाल विटांचे, दोन मजली, रांगेतील घर विकत घेतले. घर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. प्रत्येक खोलीत भिंतीत कोरलेली शेगडी, आणि त्या सर्व शेगड्यांचा धूर वाहून नेणारे, छपरावर मडक्यांची रांग मिरवणारे विटांचे धुराडे.

घरात गॅसवर तापणारे पाणी नळ्यांतून फिरवून खोल्या उबदार ठेवण्याची सोय होती. तथापि त्या हिवाळ्यात गॅसची देयके फार वाढली होती आणि बैठकीतील जुनी शेगडी रिकामीच होती. तेव्हा डिसेंबरमधील दोन-तीन संध्याकाळी तिच्यात लाकडे पेटवली गेली. तिसऱ्या रात्री वरच्या मजल्यावरील शयनगृहात, जेथे पाच महिन्यांची मुलगी पाळण्यात झोपली होती, तेथील कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा वाजू लागली. सुनेने मुलीला रजईसकट उचलले, मुलाने खिडक्या उघडल्या, शेगडी विझवली, आणि तिघेही त्या थंडीत रस्त्यावर येऊन उभी राहिली. खोलीत धूर दिसत नव्हता, वासही नव्हता. सुनेचे डोके मात्र संध्याकाळपासून दुखत होते, आणि तिने ते जागरणाच्या खाती टाकले होते.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, गंध नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, म्हणून थोडासा वायूही शरीराचा प्राणवायू अडवून धरतो. अर्भकाचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो, त्यामुळे त्याला धोका आधी. शेगडी खालच्या मजल्यावर असताना विष वरच्या खोलीत का पोहोचले, याचे उत्तर दुसऱ्या दिवशी मिळाले. धुराडे झाडणाऱ्या कारागिराने मडक्याचे तोंड बंद करून खाली धुराची गोळी पेटवली. काही मिनिटांतच शयनगृहातील भिंतीच्या पायथ्याशी, लाकडी पट्टीच्या फटीतून, पांढऱ्या धुराची रेघ वर येऊ लागली. शेजारच्या वृद्ध बाईंच्या घरात जाऊन पाहिले, तर तेथेही माळ्यावर धूर होता.

बाहेरून भक्कम दिसणारे धुराडे आतून असे का झाले, हे समजण्यासाठी त्याची रचना पाहावी लागते. बाहेरून एक दिसणारा विटांचा खांब आत अनेक नळ्यांत विभागलेला असतो. प्रत्येक शेगडीची नळी स्वतंत्र, आणि दोन नळ्यांमध्ये केवळ अर्ध्या विटेची भिंत. नळीच्या आतून चुन्याचा गिलावा देत, आणि त्या चुन्यात बहुधा गाईचे शेण मिसळलेले असे. सारवलेल्या भिंतींत वाढलेल्या मंडळींना यात नवल वाटू नये. शेणामुळे गिलावा चिवट होतो आणि उष्णतेने चटकन तडकत नाही, हे तिकडच्या गवंड्यांनाही माहीत होते. परंतु या गिलाव्याने शंभर वर्षे दगडी कोळशाचा धूर सोसला. कोळशातील गंधक धुरातून येते, नळीतील ओलाव्याशी मिसळून आम्ल बनते, आणि ते आम्ल चुना खात राहते. गिलावा गळून पडतो, मग विटांमधील सांध्यांचा चुना वाळूसारखा भुरभुरतो. शेवटी उरतात एकमेकींवर रचलेल्या विटा आणि त्यांच्यामधून वाट शोधणारा धूर.

या धुराड्यांचा इतिहासही काळाकुट्ट आहे. नळ्या झाडण्यासाठी त्यांत लहान मुले चढवली जात. काजळीमुळे या कामगारांना होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये केले. एखाद्या धंद्यामुळे कर्करोग होतो, असे दाखवणारी ती पहिली नोंद मानली जाते. १७८८, १८३४, १८४० असे कायदे होत गेले आणि कागदावरच राहिले. १८७५ मध्ये केंब्रिजजवळील फुलबोर्न येथील रुग्णालयाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रूस्टर हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा अडकून मरण पावला. त्यानंतर लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या प्रयत्नाने त्याच वर्षी झालेल्या कायद्याने ही प्रथा खऱ्या अर्थाने बंद पडली. त्यानंतर डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस विषारी धुके बसले. तेव्हाच्या गणनेप्रमाणे सुमारे ४,००० माणसे दगावली. पुढील अभ्यासकांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. त्यातून १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला, शहरांत धूरनियंत्रण क्षेत्रे ठरली, उत्तर समुद्रातील गॅस घरोघर पोहोचला, आणि शेगड्यांवर फळ्या ठोकल्या गेल्या. १९६५ च्या बांधकाम नियमांनी नव्या धुराड्यांच्या आत पक्के अस्तर सक्तीचे केले. त्याआधीची लक्षावधी घरे मात्र जशी होती तशीच राहिली. पुढे लाकडावर चालणारे बंद लोखंडी स्टोव्ह लोकप्रिय झाले, तेव्हा माणसे पुन्हा त्या फळ्या काढू लागली. नळी आतून कशी आहे, हे पाहण्याची तसदी मात्र सगळेच घेत नाहीत.

अशा धुराड्याला वाचवण्याचा आज सर्वाधिक रूढ उपाय म्हणजे त्याच्या पोटातून स्टेनलेस स्टीलची लवचीक नळी उतरवणे. तिला तिकडे लायनर म्हणतात. ही नळी पोलादाच्या पातळ पट्ट्या सर्पिल गुंडाळून, कडा एकमेकींत अडकवून तयार करतात. घनइंधनासाठीची नळी दुपदरी असते. आतला पदर गुळगुळीत, म्हणजे धूर अडत नाही आणि काजळी कमी धरते, आणि बाहेरचा पदर वळीदार, म्हणजे नळी वाकते. गॅसच्या उपकरणांसाठी एकपदरी, स्वस्त नळी मिळते. ती लाकडाच्या स्टोव्हला लावणे म्हणजे पुन्हा त्याच रात्रीची तयारी करणे होय.

स्टेनलेस स्टीलचे नाव निघाले की मुंबईच्या गुलालवाडी-कीका स्ट्रीटवर पेढी असणाऱ्या आपल्या मंडळींचे कान टवकारले जातील. शेफिल्ड येथे १९१३ मध्ये हॅरी ब्रेअर्ली यांनी क्रोमियम मिसळलेले, न गंजणारे पोलाद तयार केले. क्रोमियमचा प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर अतिशय पातळ थर बनतो, आणि तोच खालच्या धातूचे रक्षण करतो. भांड्यांच्या व्यापाऱ्याला ३०४ आणि २०२ यांतील फरक सांगावा लागत नाही. निकेल महाग म्हणून मँगनीज घातले की भाव उतरतो आणि काही वर्षांनी डाग उठतात. लायनरच्या बाजारात तसा प्रश्न ३१६ आणि ९०४ यांच्यात येतो. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम दोन टक्क्यांच्या आसपास. ९०४ मध्ये ते चार टक्क्यांहून अधिक, निकेलही जवळजवळ दुप्पट, शिवाय थोडे तांबे. ही भर आम्लाविरुद्ध आणि क्लोराइडविरुद्ध उपयोगी पडते. लोहचुंबकाने हे दोन प्रकार ओळखता येत नाहीत, जसे ३०४ आणि २०२ ओळखता येत नाहीत. नळीवर छापलेली मोहोर आणि सोबतचे प्रमाणपत्र हाच आधार.

जानेवारीत मुलाने दोन कारागिरांकडून दरपत्रके मागवली. नंतर कामाच्या धबडग्यात ती तशीच पडून राहिली, आणि धुराड्याच्या उघड्या तोंडाला जाळी बसवण्याचेही राहून गेले. एप्रिलमध्ये त्याचे वडील, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, सहा महिन्यांसाठी लेस्टरला आले. नातीला मांडीवर घेऊन त्यांनी दोन्ही कागद वाचले. दुसऱ्या दरपत्रकातील रक्कम पहिल्यापेक्षा पुष्कळच कमी होती आणि मुलाचा कल तिकडे होता.

“यात काय दिलंय ते नंतर बघू,” अण्णा म्हणाले, “काय नाही ते आधी बघ.”

स्वस्त दरपत्रकात नळीचा दर्जा लिहिलेला नव्हता. नळी आणि जुनी वीट यांच्यामधील पोकळीत उष्णतारोधक भरण्याचा उल्लेख नव्हता. अस्तर घालण्यापूर्वी जुने डांबर पूर्ण खरवडण्याचे काम नव्हते. काम नियमाप्रमाणे नोंदवून दाखला देण्याचीही जबाबदारी घेतलेली नव्हती. महाग दरपत्रकात हे सर्व होते, आणि नळी ९०४ ची होती. तिच्याऐवजी ३१६ घेतल्यास काय वाचेल, असे मुलाने विचारून घेतले. नऊ मीटर नळीच्या किमतीत जो फरक पडत होता, तो एकूण खर्चाच्या मानाने लहान होता. कारण खरा पैसा परांची, मजुरी आणि झाडलोट यांत जातो, आणि तो नळी कोणतीही घातली तरी सारखाच. स्वस्त नळी लवकर गेली तर हा सगळा खर्च पुन्हा करावा लागतो. जिथे स्थिर खर्च मोठा असतो तिथे मालात काटकसर करणे हा हिशेबातील दोष आहे, आणि अडतीच्या दुकानात वाढलेल्या माणसाला तो लगेच दिसतो.

हमीपत्राचे वाचनही अण्णांनी असेच केले. ९०४ ची हमी ३१६ पेक्षा बहुधा बऱ्याच अधिक मुदतीची असते, आणि ठळक अक्षरांत छापलेले वर्षांचे ते आकडे पाहून ग्राहक सुखावतो. बारीक अक्षरांत लिहिलेले असते की, धुराडे दरवर्षी मान्यताप्राप्त माणसाकडून झाडून घेतलेले असावे आणि त्याच्या पावत्या असाव्यात. इंधन कोरडे असावे. आणि हमी नळीपुरती असेल, परांचीची किंवा मजुरीची नव्हे. म्हणजे हमी हे वस्तूचे आयुष्य नव्हे. तो अटींवर मिळणारा दावा आहे. एक पावती हरवली की दावा हरवला.

स्टोव्हसाठी १५० मिलिमीटर व्यासाची नळी ठरली. मुलाला ती फार अरुंद वाटली. जुनी विटांची नळी नऊ इंच चौरस, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस सेंटिमीटर. नव्या नळीचे अवघे १७७. एक तृतीयांशाच्या थोडे वर. इतका धूर इतक्या नळीतून कसा जाणार? याचे उत्तर कारागिराने द्यायच्या आधी अण्णांनीच दिले. “गुऱ्हाळाच्या धुराड्यानं ओढ धरली नाही तर चुलवाणात कितीही चिपाडं घाला, काहिलीला उकळी येत नाही. ओढ ऊबेवर असते, रुंदीवर नाही.” हे बरोबर आहे. गरम वायू हलका असतो म्हणून वर चढतो. मोठ्या, गार विटांच्या पोकळीत तो निवतो, मंदावतो, आणि त्यातील वाफ व डांबर भिंतींवर उतरते. तेच डांबर पुढे पेट घेते. अरुंद आणि उष्णतारोधकाने वेढलेल्या नळीत वायू गरम राहतो आणि वेगाने बाहेर पडतो. मात्र ही गोष्ट बंद दाराच्या स्टोव्हला लागू. उघड्या शेगडीत खोलीतील पुष्कळ हवा धुराबरोबर ओढली जाते, तिला १५० मिलिमीटरची नळी पुरत नाही आणि धूर खोलीत परततो.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात परांची उभारायची तारीख ठरली, अनामत भरली गेली. तारखेच्या आदल्या दिवशी कारागिराने खालून कॅमेरा सोडला आणि अर्ध्या वाटेवर तो थांबला. नळीत काटक्यांचा जाड बोळा होता. वरच्या तोंडातून पाहिल्यावर काटक्यांवरील लोकरीच्या गादीत चार पिल्ले दिसली. जॅकडॉ नावाचा हा छोटा कावळा आहे. मान राखाडी, डोळे फिकट, रुप्यासारखे. धुराडी ही त्याची आवडती जागा. तो वरून काटक्या टाकत राहतो. एखादी आडवी अडकली की तिच्यावर दुसरी, अशी रास रचतो आणि तिच्यावर घरटे बांधतो. फेब्रुवारीत मडक्यावर जाळी बसवली असती तर तो दुसरीकडे गेला असता.

पहिल्या कारागिराने काम थांबवले. ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वापरात असलेले पक्ष्याचे घरटे मोडणे हा गुन्हा आहे. मुलाने स्वस्त दरपत्रकवाल्याला दूरध्वनी केला, तेव्हा तो म्हणाला की खाली ओला पेंढा पेटवला की दोन तासांत प्रश्न सुटतो, आणि हे कोणी पाहायला येत नाही. मुलाने दूरध्वनी ठेवला आणि तो काही वेळ काही बोलला नाही. त्याच्यासमोर अनामत बुडण्याचा, परांचीवाल्याची पुढील तारीख न मिळण्याचा आणि दुसरा हिवाळा तोंडावर येण्याचा हिशेब होता. सुनेसमोर कोणताच हिशेब नव्हता. ज्या खोलीत तिची मुलगी धुराने गुदमरली असती त्याच नळीत कोणाची तरी पिल्ले धुराने गुदमरवायची, हे तिला ऐकवतही नव्हते.

“अण्णा, अनामतीचे पैसे परत मिळणार नाहीत,” मुलगा म्हणाला.

“जीवदयेच्या खात्यावर टाक,” अण्णा म्हणाले आणि वर्तमानपत्र उचलले.

जॅकडॉची अंडी सतरा-अठरा दिवसांत फुटतात आणि पिल्ले महिन्याभरात, फार तर पाच आठवड्यांत उडतात. वर्षाला एकच वीण. जूनच्या मध्यापर्यंत बैठकीतल्या शेगडीतून चिवचिवाट ऐकू येत होता, अधूनमधून एखादी काटकी राखेत पडत होती. मग एके दिवशी ते सगळे शांत झाले. कारागिराने पुन्हा कॅमेरा सोडून घरटे रिकामे असल्याची खात्री केली. बोळा बाहेर काढला तेव्हा दोन मोठी पोती भरली.

येथे एक शंका उरते आणि ती टाळता येत नाही. अग्निकायिक जीव मानणाऱ्या घराने हौसेने लाकूड जाळावेच का? अण्णांनी हा प्रश्न मुलाला विचारला होता. गॅस आणि वीजही कोठेतरी काही जाळूनच येते, हे मुलाचे उत्तर चुकीचे नव्हते, पण पुरेसेही नव्हते. शेवटी घरात ठरले ते असे की, स्टोव्ह रोजच्या वापरासाठी नाही, कडाक्याच्या थंडीत किंवा गॅस बंद पडल्यास वापरायचा. जुन्या घरांत चूल पेटवण्याआधी ती मऊ कुंच्याने झाडीत, सरपण आपटून घेत, की त्यातील किडामुंगी निघून जावी. तिकडच्या कायद्याने आता थोड्या प्रमाणात विकले जाणारे सरपण वीस टक्क्यांपेक्षा अधिक ओले असता कामा नये, तो धुरासाठी. आपटून घेण्याचे काम मात्र कोणत्याही कायद्याने सांगितलेले नाही, आणि ते सुनेने आपल्याकडे घेतले.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात परांची चढली. प्रथम धुराडे ब्रशने झाडले आणि कडक झालेले डांबर साखळ्यांच्या फिरत्या यंत्राने खरवडले. ते तसेच ठेवले तर नव्या नळीच्या उष्णतेने त्याचा वास सुटतो, क्वचित पेटही घेते. मग मडके उतरवून वरून दोर सोडला. नळीच्या खालच्या टोकाला शंकूच्या आकाराची टोपी बसवून तिला दोर बांधला. एक जण छपरावरून नळी सोडत होता, दुसरा शेगडीत वाकून दोर ओढत होता, आणि दोघे एकमेकांना ओरडून सांगत होते. नळीवर बाण छापलेले असतात. ती उलटी उतरली तर आतील पट्ट्यांच्या कडा वर तोंड करून राहतात आणि वरून उतरणारे पाणी व डांबर त्या सांध्यांतून पाझरते. बाहेरून काही कळत नाही. कळते ते काही वर्षांनी. अण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. नळीचे वेटोळे वर जाताना त्यांनी बाण कोणीकडे आहेत ते दोनदा विचारले, आणि कारागिराने न चिडता दोनदा दाखवले.

धुराड्याला मध्यावर एक वळण होते. तेथे नळी अडली, मागे घ्यावी लागली, थोडी फिरवून पुन्हा सोडावी लागली. या एका वळणाने दीड तास घेतला. खाली शेगडीच्या तोंडावर पोलादी पत्रा बसवून त्यातून नळी स्टोव्हला जोडली; भोवतालच्या पोकळीत व्हर्मिक्युलाइट ओतले. हे फुगवलेल्या अभ्रकासारखे हलके दाणे असतात आणि पोत्यामागून पोती रिचवतात. वर नळी पत्र्याने आवळून मडके परत बसवले, आणि मडक्यावर जाळीची टोपी. शेवटी धुराची चाचणी. शयनगृहात सून भिंतीच्या पायथ्याशी बसून राहिली. शेजारच्या बाई आपल्या माळ्यावर गेल्या. दोन्हीकडे काही दिसले नाही. मडक्यातून मात्र धूर सरळ वर गेला.

विजेच्या मीटरशेजारी आता एक लहान धातूची पाटी आहे. तिच्यावर नळीचा प्रकार, व्यास, कोणत्या इंधनासाठी आणि बसवल्याची तारीख कोरलेली आहे. घर विकले तरी ती तेथेच राहायची. बैठकीत स्टोव्हच्या खोलीसाठी नवी घंटा बसवली, वरची जुनी बदलली. ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा आग पेटवली तेव्हा अण्णा कोल्हापुरात परतले होते; त्यांना ती मोबाइलवर दाखवली गेली. हंगाम संपताच धुराडे झाडून घ्यायचे, कारण उन्हाळ्यात बंद पडलेल्या नळीत काजळी दमट हवा शोषते आणि तेच आम्ल पोलादाला टोचते. पहिली झाडणावळ गेल्या एप्रिलमध्ये झाली. पावती हमीपत्राला टाचली आहे. जॅकडॉची जोडी मार्चमध्ये काटक्या घेऊन आली होती, जाळीवर दोन दिवस बसली, आणि मग दोन घरे सोडून पलीकडच्या बंद धुराड्यावर गेली.